वाचकांचे प्रश्न : बिबट्या दारात, मुंगूस खुराड्यात

दरवर्षी ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळाभर घटसर्प, लाळ्या-खुरकूत, शेळ्यांची हगवण असं चालू असतं आणि टोळ्या फडात शिरल्या की एकदम बिबट्या. यंदा पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज सगळं मिळून इतकं आलंय की आख्खा अंक त्यातच जाईल, म्हणून सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती. कोकणातलं कोंबड्यांचं एक पत्र मुद्दाम घेतलंय, नाहीतर तिकडचे वाचक म्हणतात तुम्हाला घाटावरचंच तेवढं दिसतं.

प्रश्न : डॉक्टर, आमचं शेळ्यांचं शेड आहे, तीन बाजूंनी पत्रा आणि पुढून पाच फुटी जाळी, जाळीच्या वर मोकळं. मागच्या आठवड्यात रात्री बिबट्या आत उतरला, एक शेळी नेली आणि तीन तिथंच मारून टाकल्या, खाल्ल्या पण नाहीत. हा पिसाळलाय का? पिंजरा लावा म्हणून अर्ज दिलाय. तोपर्यंत काय करू? – शेळीपालक, जुन्नर तालुका

उत्तर : भाऊ, पिसाळलेला वगैरे काही नाही. रानात कळपावर झडप घातली की एक हाती लागतं, बाकीचे पळतात, विषय संपला. तुमच्या शेडात पळायला जागाच नाही, शेळ्या ओरडत त्याच्याच अंगावर येतात आणि समोर धावपळ चालू आहे तोवर तो मारत राहतो. चार मेल्या म्हणजे दोन-तीन बिबटे आले होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, एकाचंच काम असतं ते.

आता शेड. खरी गडबड वर मोकळं ठेवण्यात आहे. पाच फूट काय, दहा फुटी भिंत असली तरी तो चढतो, आणि तोंडात शेळी धरून परत वर जातो, त्यामुळे नुसती उंची वाढवण्यात पैसे घालवू नका, डोक्यावर बंद पाहिजे म्हणजे पाहिजे. खाली तीन-साडेतीन फूट वीट नाहीतर ब्लॉकचं बांधकाम करा आणि त्याच्यावर थेट पत्र्याला भिडेपर्यंत चेनलिंक जाळी, दहा गेजची, दोन इंची भोकाची. दुकानदार बारा-चौदा गेजची पुढं करेल कारण जाळी किलोवर मिळते आणि पातळ जाळी कमी वजनात जास्त फूट भरते, गिऱ्हाईक खूश होतं, पण ती बागेला ठीक, गोठ्याला नको. जाळी लोखंडी अँगलला पट्टी टाकून बोल्टने आवळून घ्या नाहीतर वेल्डिंग मारा. बांधायच्या तारेनं गुंडाळलेली जाळी पंजानं ओढली की कोपऱ्यातून सुटते, बहुतेक गोठ्यांत तो तिथूनच शिरतो. पत्रा खिळ्यांवर असेल तर जे-हूक मारा. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट बघा, जिथं त्याचं डोकं शिरतं तिथं बाकीचं अंगही शिरतं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा म्हणजे धडक मारली तरी ते चौकटीवरच आदळतं, आणि कडी वर एक, खाली एक. खालून फट तीन-चार बोटांपेक्षा जास्त नको.

खालचं बांधकाम मी आग्रहानं का सांगतोय, तर शेळ्या रात्री जाळीला टेकून बसतात आणि बिबट्या बाहेरून पंजा घालून पाय ओढतो. शेळी बाहेर निघत नाही पण पाय जातो, मग तिचा उपयोग काय. गव्हाणसुद्धा जाळीकडेला ठेवू नका, मधोमध घ्या.

एक मात्र करू नका. घाबरून लोक चारी बाजूंनी पत्रा ठोकून टाकतात. मुताचा वास कोंडतो, हवा नाही, पंधरा दिवसांत शेळ्या खोकायला लागतात आणि मग न्यूमोनियाचं पत्र आमच्याकडे येतं. वरच्या अर्ध्या भागात जाळीच पाहिजे.

आणि हे सगळं होईपर्यंत आज रात्रीचं काय? मारलेल्या जागी बिबट्या परत चक्कर मारतोच, तेव्हा शेड तयार होईपर्यंत शेळ्या घराच्या पक्क्या खोलीत घ्या, घाण होईल, होऊ दे. कांदा चाळीत कोंडू नका, त्या पट्ट्या सहज निघतात.

पिंजऱ्याचं म्हणाल तर लागू दे, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच्या भरवशावर शेड उघडं ठेवू नका. तुमच्याच जुन्नर वनविभागात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. 2001 नंतर धडाधड बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडले, आणि बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला तर आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे ते 17 वर गेले. कारण उघड आहे, एक उचलला की त्याची जागा घ्यायला दुसरा येतो, बऱ्याचदा तरणा, बिनअनुभवी, आणि जो लांब नेऊन सोडला तो तिथं गोंधळलेला हिंडतो. अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावले होते, तिथं उसाच्या, माणसांनी भरलेल्या भागात 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 मोठे बिबटे निघाले. म्हणजे तुम्ही धरून धरून किती धरणार? धरण झालं, कालव्याला पाणी आलं, ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, आत गारवा, पाणी जवळ, डुकरं आणि कुत्री खायला, मादी तिथंच विते. आता इथल्या कित्येक बिबट्यांनी डोंगर पाहिलेलासुद्धा नाही.

माणसावर हल्ला करणारा ठरावीक बिबट्या असेल तर गोष्ट वेगळी, त्याला धरावंच लागतं. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन मुलं होती, लोकांनी हायवे अडवला, तो राग खोटा नव्हता. पण शेळी नेली म्हणून पिंजरा आणि माणूस गेला म्हणून पिंजरा हे दोन्ही एकाच मापानं मोजलं की खऱ्या धोक्याच्या वेळी पिंजरे भलतीकडेच लागलेले असतात.

प्रश्न : काका, आमचं घर उसात एकटंच आहे, जवळ दुसरी वस्ती नाही. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. शाळेतून यायला अंधार पडतो. रात्रीची लाईट असली की मालक दारं धरायला (उसाला पाणी द्यायला) जातात, मी आणि मुलं घरात. दारात कुत्रा बांधलेला असतो म्हणून जरा धीर वाटतो. पण परवा शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा नेला. मला रात्री झोप लागत नाही. – एक आई, आंबेगाव तालुका

उत्तर : ताई, आधी कुत्र्याचं सांगतो कारण त्याच्यावर तुमचा धीर आहे. दारात साखळीनं बांधलेला कुत्रा हा राखणदार नाही, ते आमिष आहे. वर सांगितलेल्या अकोले तालुक्यातच बिबट्याच्या विष्ठेवरून काय खाल्लं ते काढलं होतं, तर वजनाच्या हिशोबानं 39 टक्के कुत्री निघाली आणि शेळ्या फक्त 11 टक्के, तीही त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असताना. का, तर शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी नाहीतर दारात बांधलेली. तेव्हा तुमचा कुत्रा दिवे लागायच्या आत घरात घ्या. आतून भुंकला तरी तुम्हाला कळणारच आहे.

मुलांचं. बिबट्या माणसाला उभा बघतो तेव्हा सहसा टाळतो. धोका असतो तो खाली बसलेल्या, वाकलेल्या किंवा लहान चणीच्या माणसाला, त्यात पाठमोरं असेल तर जास्तच. अंगणात भांडी घासायला बसलेली बाई, शी-शूला बसलेलं पोर, गवत कापणारी आजी, हे त्याच्या नजरेत माणूस राहत नाही, त्याच्या मापाचं जनावर होतं. म्हणून संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर अंगणात खाली बसायचं काम ठेवूच नका. भांडी दुपारी घासा नाहीतर घरात मोरीत. मुलांना रात्री लघवीला एकटं सोडायचं नाही, संडास लांब असेल तर आत बादली ठेवा, त्यात लाज कसली. उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपायची सवय असेल तर ती यंदापासून बंद.

घराभोवतीचा ऊस. हे मालकांना सांगा, माझं नाव घेऊन सांगा: घराच्या चारी बाजूंनी वीस-पंचवीस फूट मोकळं पाहिजे. तीन-चार सऱ्या जातील, जाऊ देत, तिथं मेथी-कोथिंबीर, लसूण असं बुटकं काहीतरी करा. ऊस थेट ओट्याला भिडलेला असला की त्याला तुमच्या दारापर्यंत कुणाला न दिसता येता येतं, आणि नेमकं तेच आपल्याला नकोय. त्या मोकळ्या पट्ट्यावर एक दिवा पाडा, लाईट जाते म्हणून सोलरचा लावा. मात्र दिव्यानं बिबट्या पळतो असं समजू नका, चार दिवसांत त्याला सवय होते, दिवा तुम्हाला दिसावं म्हणून आहे.

शाळेतून येताना चार-पाच मुलं एकत्र, बरोबर एक मोठं माणूस, लहानगी मधे, तोंडानं बडबड चालू. मुलांना एक गोष्ट पाठ करून घ्या: दिसला तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, दगड घ्यायला पण वाकायचं नाही, दप्तर डोक्यावर धरून उंच व्हायचं, मोठ्यानं ओरडायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागं मागं सरकायचं. घरी दोन-तीनदा खेळ म्हणून करून घ्या, नुसतं सांगून ऐन वेळेला आठवत नाही.

मालकांनी रात्री एकट्यानं जाऊ नये, दोघं जावं, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून जावं, हातात डोक्याएवढी काठी आणि चांगली बॅटरी. बिबट्याला अचानक समोर माणूस आलेला आवडत नाही, तुमचा आवाज लांबून ऐकला की तो स्वतःच सरकतो. पिंपरखेडकडे बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जातायत असे फोटो सगळ्यांनी पाहिले, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपला विनोदही फिरले. हसण्यासारखं त्यात काही नाही, बिबट्या मानच धरतो, पट्टा त्या हिशोबानं बरोबरच आहे. लाज वाटायची असेल तर शेतीला रात्रीची लाईट देणाऱ्या व्यवस्थेला वाटावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच काढलेली आहे, तुमचा फिडर त्यात आलाय का हे ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा, आणि दर ग्रामसभेला विचारा.

जाता जाता, पत्रात विचारलेलं नाही तरी लिहितो. तुमच्या फडावर टोळी येईल तेव्हा त्यांच्या कोप्या बघा. कापडाची नाहीतर पाचटाची कोपी, दार नाही, आत तान्ही पोरं, आईबाप पहाटे अंधारात तोडीला, पोर बांधावर फडक्यावर झोपवलेलं. या सगळ्या भानगडीत जास्तीत जास्त धोका त्या पोराला आहे आणि अर्ज करायला त्याच्याकडे ना सातबारा ना सरपंच. मुकादम काही करत नाही. तुम्ही वस्तीतली एक पक्की खोली त्यांच्या लेकरांसाठी पहाटेची उघडून दिलीत आणि एखादी म्हातारी जवळ बसवलीत तर फार मोठं काम होईल.

प्रश्न : आमच्याकडे गावठी कोंबड्या आहेत, खुराडं लाकडी. गेल्या महिन्यापासून एकेक कोंबडी कमी होतेय. कधी पिसं पडलेली असतात, कधी काहीच नाही. आजी म्हणते कांडेचोर (उदमांजर), भाऊ म्हणतो मुंगूस, शेजारी म्हणतात कोल्हा. कोण असेल? – सावंतवाडीजवळून

उत्तर : तिघांचंही बरोबर असू शकतं, कोकणात कोंबडी सगळ्यांनाच आवडते. पण चोर कोण ते कोंबडी कधी गेली आणि मागं काय उरलं यावरून बऱ्यापैकी कळतं.

दिवसाढवळ्या गेली आणि मानेला चावा घेऊन तिथंच टाकलेली सापडली तर मुंगूस. दिवसा फक्त पिल्लं जात असतील आणि कोंबडी एकदम ओरडून झुडपात पळत असेल तर वरून शिक्रा किंवा घार. पहाटे-संध्याकाळी आख्खी कोंबडी गेली आणि पिसांची रेघ कुंपणाकडे गेलेली दिसली तर रानमांजर नाहीतर कोल्हा, आणि दाराखाली उकरलेलं असेल तर बहुतेक कोल्हाच. रात्री वरच्या बाजूनं, कौलाच्या फटीतून कुणी शिरलं असेल तर आजीचा कांडेचोर किंवा जवादी मांजर. पिल्लांचे पाय कुरतडलेले असतील तर उंदीर-घुशी, त्यांना लोक विसरतातच. अंडी आख्खी गायब, टरफलसुद्धा नाही, किंवा कोंबडी जखम नसताना मेलेली, तर साप, आणि हात घालायच्या आधी टॉर्च मारा, नाग असू शकतो. काहीच माग नाही, ना पीस ना रक्त, आणि सकाळी खुराड्यातच कोपऱ्यात फुगलेलं अजगर बसलेलं, हाही प्रकार तुमच्याकडे होतो, गिळून झाल्यावर आलेल्या भोकातून त्याला बाहेर जाता येत नाही.

आणि एकाच रात्री आठ-दहा मारून अंगणभर टाकलेल्या, एकही खाल्लेली नाही? मग वाडीतलं कुत्रं. हे कुणाला ऐकायचं नसतं, कारण कुत्रं बऱ्याचदा त्याच शेजाऱ्याचं असतं जो कोल्हा कोल्हा म्हणत असतो.

तुमच्या वर्णनात कधी पिसं आहेत, कधी नाहीत, म्हणजे दोन वेगळे चोर असावेत असं मला वाटतं. उपाय मात्र एकच आहे. खुराडं जमिनीवरून उचला, अडीच-तीन फुटांच्या पायांवर ठेवा आणि प्रत्येक पायाला मधे पत्र्याची गोल टोपी मारा म्हणजे उंदीर, साप चढायला अडतात. बाजूंना जी षटकोनी कोंबडी-जाळी मारतात ती कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला थांबवत नाही, कोल्हा दातानं फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश घ्या, महाग पडते पण एकदाच. जमिनीवरचं मोठं खुराडं असेल तर जाळी खाली दीड फूट बाहेरच्या बाजूला अंथरा, वर चिरे ठेवा, उकरणारा जाळीवरच उकरत बसतो. कौलं आणि भिंत यांतली फट बुजवा, दोन बोटांची फट मुंगसाच्या पिल्लाला भरपूर. दिवसा पिल्लांसाठी अंगणाचा एक कोपरा मासेमारीच्या जुन्या जाळ्यानं वरून झाका, बंदरावर फुकटात मिळेल. आणि खुराड्याचं दार दिवेलागणीच्या आधी लागलं पाहिजे, सिरीयल संपल्यावर नाही. निम्म्या कोंबड्या त्या एका तासात जातात.

मुंगूस धरायला गेलात आणि ते चावलं, किंवा कोल्हा, कुत्रं कुणीही चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, खरोखर घड्याळ लावून पंधरा मिनिटं, हळद-चुना-तंबाखू काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. रक्त निघालं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागतं, ते मागून घ्या.

प्रश्न : गावात दोघांचं म्हणणं आहे की मेलेल्या शेळीत औषध घालून ठेवावं म्हणजे कटकट संपेल. तिसरा म्हणतो गोठ्याभोवती तार ओढून लाईटचा करंट सोडू. तुमचं मत? – संगमनेर तालुका

उत्तर : माझं मत विचारायची गरजच नाही, कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, बिबट्या पहिल्या अनुसूचीत, मारला तर कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं आत. औषध घातलेली शेळी आधी खाणार गावातली कुत्री, मग कावळे, मग कुणाची तरी गाय तिथलं पाणी पिणार. आणि घरातल्या लाईटची 230 व्होल्टची तार गोठ्याभोवती ओढली तर पहिला चिकटणार तो ज्यानं ओढली तोच, किंवा त्याचा पोरगा, पहाटे झोपेत धार काढायला जाताना. दरवर्षी अशी माणसं जातात. करंटच हवा असेल तर झटका मशीन वापरा, ती बॅटरीवर क्षणभराचा जोरदार झटका देते, जीव घेत नाही. गावाजवळ जंगल असेल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान असतं, वनपालाकडे विचारा. पण गोठ्याला पहिलं छप्पर आणि दार, मशीन नंतर.

प्रश्न : कालवड गेली. आम्ही वास येईल म्हणून लगेच पुरली. आता वनखातं म्हणतं पंचनामा कशाचा करू. भरपाई बुडाली का? – राहुरीकडचे शेतकरी

उत्तर : अवघड झालं खरं, पण फोटो काढलेले असतील, कुणी पाहिलं असेल, ठसे असतील तर ते घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन भेटा, फोनवर बोलू नका. बाकीच्या वाचकांनी मात्र हे कापून गोठ्यात चिकटवावं: घटना घडल्यापासून 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं, 1926 या हेल्पलाईनला फोन केला तरी चालतो, फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही, कुत्री येऊ नयेत म्हणून वर काटे टाका. मानेवरच्या दातांच्या खुणांचा जवळून एक फोटो, पूर्ण जनावराचा एक, ठशाचा एक. किंमत पशुवैद्यकीय अधिकारी ठरवतात. जनावराला कानात बिल्ला असेल आणि विमा असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. माणूस दगावला तर राज्य सरकार वारसांना 25 लाख देतं, जखमीच्या उपचाराचा खर्चही मिळतो, त्यासाठी दवाखान्याची बिलं जपून ठेवा.

प्रश्न : ऊस तोडताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली, डोळे नुकतेच उघडलेले. पोरांनी उचलून घरी आणली, सेल्फी काढले, दूध पाजलं. आता काय? – खेड तालुका

उत्तर : आता ताबडतोब वनखात्याला फोन, आणि दूध बंद. पिल्लं टाकलेली नव्हती, आई तिथंच आजूबाजूला होती आणि आता ती शोधत फिरतेय, म्हणजे आजची रात्र तुमच्या गावासाठी धोक्याची आहे. तुमच्याकडे वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं हे काम नेहमी करतात: पिल्लं तपासून संध्याकाळी जिथं सापडली बरोब्बर त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, सगळे लांब जातात, आणि अंधार पडल्यावर आई येऊन एकेक उचलून नेते. बहुतेक वेळा त्याच रात्री. त्या सरीतली तोड एक दिवस थांबवा, बघ्यांना हाकला. पोरांना सेल्फी डिलीट करायला सांगा, नाहीतर तोच पुरावा व्हायचा.

प्रश्न : ठाण्यात येऊरच्या पायथ्याला आमची सोसायटी आहे. सीसीटीव्हीत बिबट्या कंपाऊंड वॉलवरून चालताना दिसला, ग्रुपवर हाहाकार. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे. सेक्रेटरी म्हणतात वनखात्यानं त्याला उचललाच पाहिजे.

उत्तर : सेक्रेटरींना वरचं जुन्नरचं उत्तर वाचायला द्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी इमारती, तिथला बिबट्या रात्री भिंतीवरून चालणारच, तो तुमच्याकडे येत नाही, कचऱ्याकडच्या कुत्र्यांकडे येतो. मागच्या गेटजवळचा कचरा आणि चिकनवाल्यानं टाकलेली आतडी बंद झाली की भटकी कुत्री कमी आणि तोही कमी. सोसायटीनं ठराव करायचाच असेल तर तो कचऱ्याचा करावा. लॅब्रॅडॉरला अंधार पडल्यावर मागच्या बाजूला नेऊ नका, पट्टा आखूड धरा, बाल्कनी तळमजल्यावर असेल तर रात्री आत झोपवा. गळ्यात रुंद जाड पट्टा चांगला, धनगरांच्या कुत्र्यांना खिळ्यांचे असतात तसा, पण लिफ्टमध्ये शेजारी ओरडतील. आणि बिबट्या दिसला की खाली गर्दी करून मोबाईल काढू नका, वाट मोकळी ठेवा, तो आपला आपण जातो.

प्रश्न : सोबत ठशाचा फोटो पाठवलाय, गोठ्यामागं सापडला. बिबट्या आहे का? – माण तालुका

उत्तर : नाही. फोटोत बोटांच्या पुढं नखांचे चार टोचे स्पष्ट दिसतायत. बिबट्या चालताना नखं आत घेतो, ठशात उमटत नाहीत, नखं दिसली की कुत्रं, लांडगा नाहीतर तरस. तुमच्या माळावर तिन्ही आहेत. तरस असेल तर सोडून द्या, मेलेलंच खातं जास्त करून. लांडगा असेल तर कोकरं वाघरीत (जाळ्याच्या कुंपणात) घ्या, वाघरीची खालची दोरी खुंट्यांना ताणून बांधा आणि कुत्री बाहेरच्या अंगाला ठेवा. नक्की कोण ते या फोटोवरून सांगता येत नाही कारण माप कळत नाही, पुढच्या वेळी ठशाच्या शेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि पुढचा-मागचा दोन्ही ठसे पाठवा.